चिंचोळ्या जागेतील युवक-भवन : एक अनुभव व एक हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा आम्हांस आज्ञा केली, की संघाच्या युवक-भवनाची हकीकत आपणच लिहावी. कारण असे, की बांधकाम समितीच्या हिशेबवह्या आमच्याकडे होत्या, आणि त्या बांधकामास प्रथम विरोध करणाऱ्यांतही आम्हीच पुढे होतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, चाळीस वर्षे घाऊक धान्याच्या पेढीवर बसलेले गृहस्थ. स्थापत्यशास्त्रावर किंवा पर्यावरणावर अधिकारवाणीने लिहावे अशी आमची योग्यता नाही. तथापि जे पाहिले, जे चुकले आणि जे पदरी पडले, ते जमाखर्चाच्या प्रामाणिकपणाने मांडता येईल, एवढ्या विश्वासाने हे चार शब्द लिहीत आहो.

जागा आणि गरज

बेळगावच्या रविवार पेठेच्या मागील अंगास, बारा फुटी बोळात, संघाचे एक जुने धान्याचे कोठार होते, हे ज्येष्ठ सभासदांस आठवत असेल. रुंदी ३० फूट, खोली ९० फूट. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती. त्यामुळे खिडकी काढावयाची ती पुढून किंवा मागून, मध्ये अंधार. मागील परसात एक आड होता, व त्यात पेठेने पन्नास वर्षे टाकलेला कचरा होता. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव, कोल्हापूर व सांगली या तिन्ही जिल्ह्यांत पावसाने हाहाकार केला, त्या दिवसांत एका रात्री कोठाराची मागील भिंत कोसळली. सुदैवाने आत कोणी नव्हते. परंतु त्यानंतर या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न टाळता येईना.

त्याच सुमारास दुसराही एक प्रश्न आमच्या घरात उभा होता. पेठेतील आपली घरे कशी आहेत हे सांगावयास नको. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि परीक्षा जवळ आली की मूल जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेले. संध्याकाळी मुलगे चहाच्या टपरीवर उभे राहतात. मुलींना तीही सोय नाही. आमचे चिरंजीव शिक्षणासाठी बेंगळुरूस गेले व तेथेच स्थायिक झाले. एकदा आम्ही त्यांस रागाने विचारले, की गावात काय कमी होते? ते म्हणाले, "आप्पा, गावात दुकानाखेरीज आम्हांला बसायला जागा कोणती होती?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पुढे तिच्या प्रेरणेने ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. परगावी शिकणाऱ्या मुलास निवारा, शुद्ध भोजन व चांगली संगत मिळावी, हा त्यांचा हेतू. आता घरी राहणाऱ्या मुलासही तशाच जागेची गरज आहे, इतकाच काय तो फरक.

दोन नकाशे

संघापुढे दोन योजना आल्या. पहिली अशी, की नियमात बसेल तेवढे सर्व बांधून काढावे, तीन मजले चढवावेत, वातानुकूलित सभागृह करावे आणि लग्नमुंजींस भाड्याने द्यावे. मुलांस वरच्या मजल्यावर एक खोली पुरे. या योजनेचे आम्ही पुरस्कर्ते होतो. पेठेतील जागेचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्यास २,७०० चौरस फुटांतील एक फूटही मोकळा सोडवत नाही.

दुसरी योजना आपल्याच एका सभासदबंधूंच्या कन्येने मांडली. ती स्थापत्यशास्त्राची पदवीधर आहे. तिच्या नकाशात पुढे ३६ फुटांची इमारत, मग १२ फुटांचा उघडा चौक, मग २८ फुटांची दुसरी इमारत, आणि मागे १४ फुटांचे परसू, त्यात तो आड. दोनच मजले. म्हणजे चौकाचे ३६० व परसाचे ४२० मिळून ७८० चौरस फूट, शंभरास जवळजवळ एकोणतीस, तिने आकाशाला देऊन टाकले होते. आम्ही सभेत उठून म्हणालो, की हा नकाशा व्यापाऱ्याच्या लेकीने काढला आहे यावर विश्वास बसत नाही. सभा हसली. ती मात्र शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्या गोदामात थप्पी भिंतीला चिकटवून लावता का?"

आम्ही म्हणालो, "नाही. दीड-दोन फूट सोडून लावतो."

"का बरे?"

"भिंतीची ओल पोत्यास लागू नये, वारा खेळावा, आणि माणसास सभोवार फिरून किडा पडला का ते पाहता यावे."

"मग पोत्यांसाठी जी जागा सोडता, ती मुलांसाठी का सोडवत नाही?"

सभेत आम्ही काही बोललो नाही. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

१९९८ साली आम्ही आमचे जुने कौलारू गोदाम पाडून तेथे काँक्रीटचे छत घातले होते. वडिलांच्या वेळचे झरोके उंदीर व धूळ येते म्हणून बुजवून टाकले, आणि जागा वाचावी म्हणून थप्प्या भिंतीस भिडविल्या. त्यावर्षी जोंधळ्यात ओल शंभरी बारांहून अधिक होती, ती सुकण्यास वाव मिळाला नाही. पावसाळा सरता सरता पोत्यांत हात घातला तर आतील धान्य गरम लागे. पुढे बुरशीचा वास सुटला. त्या मोसमात जे नुकसान झाले, ते भरून काढण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. वडील त्यावेळी हयात होते. ते एवढेच म्हणाले, "झरोका म्हणजे भोक नव्हे रे." ज्या चुकीचे मोल आम्ही स्वतः मोजले, तीच चूक मुलांच्या वास्तूत करावयास आम्ही निघालो होतो.

आडाचा ठराव

तरीही एक हट्ट आम्ही सोडला नव्हता. परसातील आड बुजवावा व त्यावर जिना घ्यावा, असा ठराव आमच्याच नावे होता. नळाचे पाणी आहे, वेळप्रसंगी कूपनलिका खोदता येईल, मग कचऱ्याने भरलेला आड कशास हवा, हा आमचा युक्तिवाद.

त्या सभेस नव्वदी गाठलेले एक ज्येष्ठ सभासद आले होते. ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी काठीवर भार देऊन उभे राहिले व म्हणाले, "आड बुजवाल, तर जिवाणी कुठे सोडाल?"

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको, तरुणांसाठी सांगतो. पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडावयाचे, ही आपली परंपरा. आडात ते शक्य आहे. शेकडो फूट खोल गेलेल्या कूपनलिकेत ते शक्य नाही, आणि म्हणूनच मुनिमहाराजांच्या आहारासाठी आजही विहिरीचेच पाणी पाहिले जाते. कूपनलिकेतून आपण केवळ घेतो. आडात घेतलेले परत करण्याची वाट राहते.

ती कन्या लगेच उठून म्हणाली, की आजोबा जे जीवांविषयी सांगतात, तेच मी पाण्याविषयी सांगते. छतावर पडलेला पाऊस गाळून आडात सोडला, तर जमिनीतून घेतलेले पाणी जमिनीस परत मिळते. नव्वद वर्षांचे गृहस्थ आणि पंचविशीची मुलगी एकाच गोष्टीकडे दोन वाटांनी आली, हे पाहून आम्ही तेथेच आमचा ठराव मागे घेतला.

बेळगावकरांस तर आडाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको होते. १९२४ च्या डिसेंबरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले, त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. १९९५ च्या सुमारास राकसकोपचे पाणी आटले, तेव्हा नगरीने आपल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. हे सारे डोळ्यांदेखत घडले असूनही आम्ही आड बुजवावयास निघालो होतो, याचे आज वैषम्य वाटते.

बांधकाम

महामारीमुळे दोन वर्षे गेली. चातुर्मासात जमीन खणावयाची नाही हा आपला आचार; गवंड्याच्या दृष्टीनेही पावसाळ्यात पाया खणणे शहाणपणाचे नसते. म्हणून २०२१ ची दिवाळी उलटल्यावर कामास प्रारंभ झाला.

जुने कोठार पाडले नाही, उतरविले, असे म्हणणे योग्य होईल. जांभ्याचे चिरे, सागवानी खांब, मंगळुरी कौले, सारे मोजून वहीत मांडले. लॉरी बोळात येत नाही. बाहेर टाकावयाचा प्रत्येक दगड आणि आत आणावयाचे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून जाणार. तेव्हा जे जागेवरच वापरता येईल, ते वापरण्यात काटकसर होती आणि धर्मही होता. बहुतेक चिरे नव्या भिंतींत गेले. सागवानी खांबांची वाचनालयाची कपाटे झाली.

कौलांचा उपयोग आम्हांस नवलाचा वाटला. १९४५ साली हिंदुस्थानात येऊन पुढे केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर नामक इंग्रज स्थापत्यविशारद होऊन गेले. त्यांनी स्वस्त व टिकाऊ घरांच्या ज्या पद्धती रूढ केल्या, त्यांत एक अशी, की छताच्या काँक्रीटचा खालचा भाग भार पेलण्याच्या कामी फारसा येत नाही, म्हणून तेथे सळयांच्या मध्ये जुनी कौले बसवावयाची. तेवढे काँक्रीट वाचते, छत हलके होते, आणि कौलांतील पोकळीमुळे उष्णता कमी उतरते. सिमेंट वाचविण्यात केवळ पैसाच वाचतो असे नव्हे. चुनखडी भट्टीत भाजून सिमेंट करतात. त्यात एका टनामागे अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत जातो. दुसरी पद्धत विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखण्याची. नऊ इंची भिंत तीच, परंतु विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात. वरच्या मजल्याच्या आतील भिंती आपण तशा केल्या.

चौकाचा उपयोग वारा व उजेड यांसाठी. दुपारी चौकातील तापलेली हवा वर जाते, आणि तिच्या जागी परसातील आडाजवळची गार हवा खोल्यांतून ओढली जाते. पुढील दर्शनी भिंतीत जाळी आहे. त्यामुळे दिवसा कोठेही दिवा लावावा लागत नाही. आपल्याकडे सायंभोजन सूर्यास्तापूर्वी होते. म्हणून भोजनाची खोली पश्चिमेच्या उजेडाच्या बाजूस घेतली. रात्रीसाठी पिवळसर प्रकाशाचे दिवे बसविले, कारण पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा त्यांवर कीटक कमी झेपावतात. ही सूचना महिला मंडळाची.

चौकाच्या फरशीखाली २५,००० लिटरांचे टाके आहे. ही कल्पनाही नवी नव्हे. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांच्या चौकाखाली अशीच टाकी असून स्वच्छ छतावरचे पावसाचे पाणी वर्षभर पिण्यास पुरवीत. तेथील आपल्या व्यापारी बंधूंच्या कित्येक घरांत ती आजही पाहावयास मिळतात.

आड साफ करताना कामगारांनी तीन आठवडे गाळ काढला. त्यात एक पितळी मापटे सापडले. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्यानंतर मापटे, शेर, पायली बाजारातून उठली. म्हणजे ते माप आमच्या जन्माच्या आसपास आडात पडले असावे. ते घासूनपुसून वाचनालयात ठेवले आहे.

हिशेब

आता आकडे, कारण व्यापाऱ्यास त्यांवाचून चैन पडत नाही.

बेळगावास वर्षाकाठी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपले छत १,९२० चौरस फूट, म्हणजे सुमारे १७८ चौरस मीटर. तेव्हा वर्षाला सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी छतावर पडते. पहिल्या पावसाचे धुऊन सोडलेले पाणी, वाफ व गळती वजा जाता पावणेदोन लाख तरी हाती राहावे. पाच हजार लिटरांचा टँकर धरला, तर हे पस्तीस टँकर झाले. टाके भरले की उरलेले पाणी वाळू व कोळशाच्या गाळणीतून आडात जाते.

सूर्यविजेच्या पट्ट्या ५ किलोवॉटच्या आहेत. त्यांस सुमारे ५०० चौरस फूट छत लागले. वर्षाची सरासरी धरता दिवसास २० युनिटांच्या आसपास वीज मिळते. आषाढ-श्रावणात ती फार खाली येते, उन्हाळ्यात वर जाते. पंखे वीस. जुन्या धर्तीचा पंखा ७५ वॉट खातो, नवा ३०. वीस पंख्यांमागे १,५०० च्या जागी ६०० वॉट. वातानुकूलनाची गरज पडली नाही, आणि जी वीज लागतच नाही ती सर्वांत स्वस्त.

उणे बाजूही लिहितो. टाके, गाळणी व सूर्यपट्ट्या यांमुळे आरंभीचा खर्च अंदाजापेक्षा वाढला, आणि लग्नाच्या भाड्याचे उत्पन्न संघाने सोडले. ते दरवर्षी सोडलेले उत्पन्न आहे, एकदाचे नव्हे. त्यावर आम्ही आजही कधी कधी रात्री आकडेमोड करतो.

पहिले वर्ष

२०२३ च्या अक्षय्य तृतीयेस, आदिनाथ प्रभूंच्या पारण्याच्या पुण्यदिनी, भवन उघडले. जुलैत पाऊस जोरात लागला आणि सामाईक भिंतीच्या सांध्यातून पाणी शेजाऱ्यांच्या घरात झिरपले. त्यांनी रागावणे स्वाभाविक होते. दोष आपला होता. जुन्या व नव्या भिंतीच्या मध्ये पाणी अडविणारी पत्र्याची पट्टी घालावयाची राहिली होती. ती बसविली, त्यांची भिंत आपल्या खर्चाने रंगवून दिली. दुसरी चूक टाक्याच्या झाकणाची. ते सैल बसले, आत डास झाले, आणि गाळणीचा अभिमान सांगणाऱ्या आम्हांस आठ दिवस तोंड लपवावे लागले. ज्यांना असे काम करावयाचे आहे, त्यांनी या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असे हवामान खात्याने नोंदविले. त्या वर्षी कर्नाटकाच्या बहुसंख्य तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या उन्हाळ्यात पेठेत टँकर येऊ लागले. आपल्या आडाची पातळी खाली गेली, परंतु तो आटला नाही. एका सकाळी पाहतो तो जुलैत रागावलेल्या त्याच शेजाऱ्यांच्या घरची माणसे कळशी घेऊन परसाच्या दारात उभी. कोणी काही बोलले नाही. मुलांनी रहाट सोडून दिला.

त्या दिवशी आमच्या मनातील खात्याची बाकी निघाली. जी ७८० चौरस फूट जागा आम्हांस बुडीत वाटत होती, तिनेच उजेड दिला, वारा दिला व पाणी दिले.

विनंती

आज संध्याकाळी भवनात जाल, तर खाली अभ्यास करणारी मुले-मुली दिसतील, वर पाठशाळा चालू असेल, आणि चौकाच्या कट्ट्यावर आमच्या वयाची दोन-चार माणसे वर्तमानपत्र वाचीत असतील. भवनाच्या किल्ल्या तरुण मंडळींकडे आहेत. मृग लागण्यापूर्वी छत झाडणे, पन्हळी साफ करणे व गाळणीतील वाळू धुणे हे काम तीच करतात. मजूर लावावयाचा नाही, असा त्यांचाच नियम आहे.

सभासदबंधूंस दोन गोष्टींची विनंती आहे. एक, सोडलेल्या भाड्याची तूट भरून निघेल असा देखभाल-निधी अद्याप उभा राहिला नाही. प्रत्येक पेढीने दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी यथाशक्ती रक्कम त्या नावे काढून ठेवावी. दुसरी, आपापल्या दुकानामागे, वाड्यामागे बुजत चाललेला एखादा आड असेल, तर तो बुजविण्यापूर्वी एकदा भवनाच्या परसात येऊन जावे.

आमचे चिरंजीव गेल्या दिवाळीत आले होते. त्यांचा मुलगा पहिल्या दिवशी भवनात गेला, तो रात्री बोलावणे पाठवावे लागेपर्यंत परतला नाही. निघताना त्याने विचारले, "आजोबा, मे महिन्यात मी एकटा येऊ का?" चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "ये. गाळणी धुवायला माणसे कमीच पडतात."